भाडेकरूने घराचं नुकसान केलंय, डिपॉझिट पुरत नाही. उरलेला खर्च कसा वसूल करायचा?

उंबरठा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण डोकं चालेनासं झालंय. माझं घर ३ वर्षं एका कुटुंबाला भाड्याने दिलं होतं. भाडं कायम वेळेवर, कधी कटकट नाही. परवा त्यांनी घर सोडलं, किल्ल्या दिल्या, मी घाईत होते म्हणून वरवर बघून "ठीक आहे" म्हणाले आणि काल सावकाश बघायला गेले तर वॉशिंग मशीनच्या जागेपासून थेट पॅसेजपर्यंत लॅमिनेटची फ्लोअरिंग फुगून वर आलीय, जोड उचकटलेत, पाय ठेवला की कुरकुर वाजतं. शेजारच्या भिंतीला गुडघ्याएवढी ओल आणि काळी बुरशी. आतल्या खोलीच्या दाराला भलंमोठं भोक, त्यावर पोस्टर चिकटवून झाकलेलं. हॉलच्या भिंतीवरचे चिकटवायचे हुक ओढून काढलेत ते रंगासकट पुट्टी घेऊन आलेत. बाथरूमच्या ४ टाइल्सना ड्रिलची भोकं, ओट्यावर गरम भांड्याचा पांढरट गोल डाग.

ठेकेदाराने आकडा सांगितला तो डिपॉझिटच्या दीडपट. फोन केला तर भाडेकरू म्हणतात ३ वर्षांत एवढं होतंच, डिपॉझिट पूर्ण परत द्या. मला भांडायचं नाहीये पण हा सगळा भार मीच का उचलायचा? वरचे पैसे कसे मागायचे, कोणी केलंय का असं आधी?

सरळसोट

डिपॉझिट देऊच नका आणि वरच्या पैशांची नोटीस पाठवा. तोडलं त्यांनी तर नवीन करून द्यायचं त्यांनीच, सरळ हिशोब आहे.

जुनी_वही

उंबरठा ताई, आधी एक श्वास घ्या आणि दुरुस्तीला हात लावू नका. मी २ घरं भाड्याने देतो, पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी संतापाच्या भरात दुसऱ्याच दिवशी कामाला माणसं लावली आणि नंतर दाखवायला माझ्याकडे काहीच उरलं नाही. नवीन टाइल्स दाखवून जुन्या फुटल्या होत्या हे कसं पटवणार?

आज परत जा. प्रत्येक खोलीचा आधी दारातून पूर्ण फोटो, मग जवळून, आणि जवळच्या फोटोत टेप किंवा पट्टी ठेवा म्हणजे डाग केवढा ते कळतं. व्हिडिओ काढताना बोलत जा, तारीख सांगा, कुठली खोली ते सांगा. मूळ फाइल्स फोनमधून हलवू नका, मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोचा दर्जा घटतो आणि आतली तारीख-वेळेची माहिती बहुतेक वेळा निघून जाते, त्यामुळे मूळ फाइल तशीच जपून ठेवा.

मग भाडेकरूंना लेखी कळवा की अमुक दिवशी येऊन समोर बघा. आले तर उत्तम, नाही आले तर बोलावलं होतं एवढं तरी कागदावर राहतं. आणि हो, ते राहायला आले त्या दिवशीचे फोटो आहेत का? सगळं त्यावर अडतं.

वेलांटी

मी आयुष्यभर भाडेकरू आहे त्यामुळे दुसरी बाजू लिहिते, राग मानू नका. एका घरात मी ५ वर्षं राहिले, सोडताना मालकाने पूर्ण घराच्या रंगाचे पैसे कापले. तो रंग मी यायच्या आधीच ४ वर्षं जुना होता. ९ वर्षांचा रंग तसाही काढायलाच झाला होता ना? सोफ्यामागे भिंत घासलेली, उन्हाने पडदे विटलेले, दाराच्या मुठीची चमक गेलेली, ही सगळी वापराची झीज आहे, तिचं भाडं आम्ही दर महिन्याला भरतच असतो. भोक पाडणं, जाळणं, ओल लपवणं हे नुकसान, ते मान्य. पण नुकसान झालं तरी नव्या वस्तूची पूर्ण किंमत का? जी वस्तू बिघडली ती नवी नव्हती.

सरळसोट

वेलांटी, जुनी फ्लोअरिंग अर्ध्या किमतीत कुठे मिळते? मालकाला दुकानात नव्याचेच पैसे मोजावे लागतात.

शिक्का_मोर्तब

सरळसोट, तुमचा मुद्दा खूप जण मांडतात आणि तिथेच हरतात. मी वकिली करतो, कायदा जागोजागी वेगळा म्हणून कलमं सांगत नाही, पण भरपाईचं तत्त्व बहुतेक सगळीकडे सारखंच लागतं. नुकसान झालं नसतं तर तुम्ही जिथे असता तिथे तुम्हाला परत आणायचं, त्यापेक्षा वर नाही. जुन्याच्या बदल्यात नवं मिळालं तर जास्तीचा फायदा वजा होतो.

हिशोब सोपा आहे. वस्तू साधारण किती वर्षं टिकते, त्यातली किती वापरून झाली आणि किती उरली. फ्लोअरिंग १५ वर्षांची धरली आणि ६ झाली असतील तर ९ उरली, म्हणजे खर्चाच्या ६०%. आयुष्य किती धरायचं ते त्या मालाच्या दर्जावर, त्याचा आधार दाखवता आला पाहिजे (वॉरंटीचा कागद, खरेदीची पावती). मजुरीवर घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) लावायचा की नाही यावर वाद होतो, एका खोलीचं काम असेल तर मी पूर्ण आकड्यालाच लावतो, वाद कमी होतो.

वर फक्त बिघडलेल्या भागाचेच पैसे मागा. एक भिंत खराब झाली म्हणून पूर्ण घराचा रंग मागितला की समोरचा बाकी यादीवरही विश्वास ठेवत नाही.

आणि मुदत बघा. खूप ठिकाणी डिपॉझिट किती दिवसांत परत द्यायचं किंवा कपातीची यादी किती दिवसांत द्यायची हे कायद्यानेच ठरलेलं असतं, ती चुकली तर खरं नुकसान असूनही कापायचा हक्क जाऊ शकतो, काही ठिकाणी उलट दंड बसतो. आज रात्री तुमच्याकडचा नियम आणि स्वतःचा करार, दोन्ही वाचा.

उंबरठा

सगळ्यांचे खूप आभार, एवढ्या पटकन इतकी माणसं धावून येतील असं वाटलं नव्हतं. फोटो काढून झाले, ११४ आहेत. मुदत बघितली, अजून हातात दिवस आहेत. ते आले तेव्हाचे फोटो आहेत पण फक्त हॉल आणि किचनचे, बाथरूम आणि आतल्या खोलीचे नाहीत. फ्लोअरिंग ६ वर्षांपूर्वीची, पावती सापडली. रंग ते यायच्या आधी नवीन दिला होता. मी "ठीक आहे" म्हणाले त्याचा त्रास होईल का?

शिक्का_मोर्तब

तोंडी ठीक म्हणालात, कुठे सही नाही केलीत, आणि एका दिवसात लेखी कळवताय. पोस्टरमागचं भोक वरवर बघताना दिसणारच नव्हतं. मधल्या एका दिवसात घरात दुसरं कोणी गेलं नाही हे मात्र सांगता आलं पाहिजे.

रंधा

मी ही कामं हाताने करतो, दुरुस्तीच्या बाजूने लिहितो.

लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा गाभा आणि वर छापील थर. पाणी सांडलं आणि लगेच पुसलं तर काही होत नाही. जोडातून पाणी आत मुरून गाभा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत बसत नाही, त्या पट्ट्या बदलाव्याच लागतात. पॅसेजपर्यंत फुगवटा गेलाय म्हणजे हे एका दिवसाचं पाणी नाही, महिनोन् महिने थोडं थोडं गळत होतं. बुरशीचं तसं नाही, ओल राहिली तर २४ ते ४८ तासांतही धरायला सुरुवात होते, त्यामुळे बुरशीवरून काळ ठरवू नका, फ्लोअरिंगवरून ठरवा.

दार पोकळ असेल, पातळ लाकडी तक्ते आणि आत कागदी जाळी. त्याला ठिगळ लावलं की जन्मभर दिसतं, पल्ला बदलणं बरं, पण चौकट आणि बिजागऱ्या त्याच ठेवा, ठेकेदाराने पूर्ण दाराचे लावले असतील तर विचारा.

हुकांचं नीट बघा. त्या हुकांच्या पट्टीचं टोक भिंतीलगत खाली ओढून काढायचं असतं, हुक सरळ बाहेर ओढले की रंग येतो ही भाडेकरूची चूक. पण रंगासोबत पुट्टीचे पोपडे सगळीकडे सुटत असतील तर खाली प्रायमर नीट मारलेला नव्हता, मग ती रंगाऱ्याची चूक. शाबूत जागेवर चिकटपट्टी घट्ट लावून ओढून बघा.

ओटा कसला आहे? कृत्रिम क्वार्ट्झ असेल तर दगडाचा चुरा रेझिनने बांधलेला असतो, तव्यासारखं तापलेलं भांडं ठेवलं की रेझिन करपतो. पॉलिशने जाईलच असं नाही. ग्रॅनाइट असेल तर एवढं होत नाही.

टाइल्स बदलू नका, त्याच छटेच्या मिळणार नाहीत. भोकं रंग जुळवून भरून घ्या, फक्त शॉवरच्या पाण्याच्या माऱ्यात असतील तर आधी आत पाण्यात टिकणारं सीलंट.

आणि एक प्रश्न राहिला. वॉशिंग मशीन कोणाचं होतं?

जुनी_वही

रंधा भाऊंचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवावा असा आहे. शेवटचा प्रश्न माझ्याही मनात आला होता.

उंबरठा

मशीन माझंच. घरासोबत दिलं होतं.

रंधा, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री झोप लागली नाही म्हणून उठून जुने मेसेज शोधले. खरं लिहिते. १४ महिन्यांपूर्वी त्यांचा मेसेज आहे, "मशीनखाली थोडं पाणी येतंय, बघाल का". मी उत्तर दिलंय "पुसून घ्या, पुढच्या आठवड्यात बघते". आणि मी गेलेच नाही. त्या महिन्यात घरात आजारपण होतं, विसरून गेले. त्यांनीही परत विचारलं नाही. पाण्याचा पाईप मशीनसोबत आलेला, ८ वर्षांचा. आज प्लंबरला दाखवला, टोकाशी चिरलेला आहे.

आता मला काय मागायचा हक्क आहे तेच कळेना.

वेलांटी

ताई, हे इथे लिहिलंत याबद्दल मनापासून आदर वाटला. मला आजवर भेटलेल्या एकाही मालकाने असं कबूल केलं नसतं.

सरळसोट

मी सुरुवातीला जे लिहिलं ते मागे घेतो. पण १४ महिने पाण्यात पाय घालून राहिले आणि एकदाही परत सांगितलं नाही, हे पण बरोबर नाही ना?

शिक्का_मोर्तब

नाहीच. दोन गोष्टी सुट्ट्या करून बघा. गळती का झाली, आणि नुकसान एवढं का वाढलं. गळती जुन्या पाईपमुळे, असे पाईप साधारण ५ वर्षांनी बदलावेत असं सांगतात, मशीन तुमचं, देखभाल तुमची. मेसेज आल्यावर न जाणं हेही तुमच्याकडे. पण पाणी येतंय हे डोळ्यांनी दिसत असताना मशीन तसंच चालवत राहणं, नळ बंद न करणं, परत न सांगणं, फरशी फुगायला लागली तरी गप्प बसणं, हे त्यांच्याकडे. नुकसान वाढू न देण्याची काळजी दोघांनीही घ्यायची असते. टक्केवारीचं सूत्र कुठल्या पुस्तकात नाही, पण तो मेसेज त्यांच्याकडेही आहे हे लक्षात ठेवा आणि त्यांनी काढायच्या आधी तुम्हीच यादीत लिहा. मी तुमच्या जागी असतो तर फ्लोअरिंग आणि ओली भिंत घसारा वजा करून निम्मी-निम्मी मांडली असती.

विमा असेल तर तेही तपासा, तुमचा घराचा आणि त्यांचा असला तर भाडेकरूचा. पाईप अचानक फुटून पाणी झालं तर भरपाई मिळण्याची शक्यता जास्त, हळूहळू गळत राहिलेलं बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं. पण न विचारता सोडू नका.

आडवाट

धागा वाचतोय, मध्येच घुसतोय त्याबद्दल माफी. माझं प्रकरण ताईंसारखं नाही. भाडेकरूने शेवटच्या महिन्याचं भाडं दिलंच नाही, म्हणाला डिपॉझिटमधून घ्या, आणि गेल्यावर बघतो तर खिडकीच्या २ काचा फुटलेल्या, लाकडी फ्लोअरवर कुत्र्याच्या मूत्राचे डाग आणि वास. डिपॉझिट भाड्यातच संपलं. फोन उचलत नाही. माझ्याकडे आधीचे-नंतरचे सगळे फोटो आहेत, सही केलेली यादी पण आहे. पैसे मिळतील का?

शिक्का_मोर्तब

कागद तुमच्याकडे आहेत म्हणजे अर्धं काम झालंय. आधी मागणीपत्र. पोचपावती मिळेल अशा पद्धतीने करारातल्या पत्त्यावर आणि ईमेलवर. त्यात काय बिघडलं, पावती, घसारा वजा करून आकडा, फोटो, आणि उत्तराला ठरावीक दिवस. भाषा थंड ठेवा, धमकी नको, हेच पत्र उद्या दुसऱ्या कोणीतरी वाचायचं असतं. करारावर दोन भाडेकरूंच्या सह्या असतील तर बहुतेक करारांत पूर्ण रकमेला दोघंही बांधील असतात, दोघांपैकी कोणाकडेही ती मागता येते. जामीनदार असेल तर त्यालाही प्रत.

त्यानेही नाही झालं तर तुमच्याकडे छोट्या रकमेच्या दाव्यांची वेगळी सोय आहे का बघा, खूप ठिकाणी वकिलाशिवाय जाता येतं. मध्यस्थी मिळत असेल तर आधी ती. दाव्यालाही कालमर्यादा असते, "बघू नंतर" करत ठेवू नका. आणि एक स्पष्ट सांगतो, निकाल हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. माणूस कुठे राहतो, कमावतो का, हे माहीत नसेल तर वसुली हीच दुसरी लढाई असते. म्हणून मी पक्षकारांना सांगतो, हप्ते बांधून देतो म्हणाला तर घ्या, लेखी घ्या, हप्ता चुकला तर उरलेली पूर्ण रक्कम लगेच देणं लागेल ही ओळ घाला.

रंधा

आडवाट, फ्लोअर भरीव लाकडाचा असेल तर घासून परत पॉलिश होतो, नवीन टाकायची मागणी करण्याआधी एका जागी घासून बघा. वरून पातळ लाकडाचा थर असलेला असेल तर जपून, तो एखाद-दोनदाच घासता येतो. काळा डाग खोल उतरला असेल तर तेवढ्याच पट्ट्या बदला. वासाला साधं फिनाइल चालत नाही, एन्झाइमवालं क्लीनर लागतं. अंधारात अतिनील टॉर्च मारला की मूत्राचे डाग चमकतात, कुठे कुठे आहे ते कळेल आणि फोटोही काढता येईल.

जुनी_वही

आडवाट, यात भर. तुम्ही स्वतः साफसफाई केली असेल तर तासांची नोंद ठेवा, तारीख आणि काय केलं ते. दुरुस्तीमुळे घर रिकामं राहिलं त्याचं भाडं काही ठिकाणी मागता येतं पण वाजवी दिवसांचंच, ४ दिवसांचं काम २ महिने रखडवून ते लावता येत नाही. आणि एकाच ठेकेदाराचा आकडा नको, निदान २ कोटेशन हवीत.

उंबरठा

सगळ्यांना कळवायचं होतं, ३ आठवडे गेले.

चिकटपट्टी लावून बघितली, पुट्टी शाबूत आहे, म्हणजे हुक चुकीचे ओढले हेच खरं. ओटा क्वार्ट्झचाच आहे. मग बसून यादी केली. डिपॉझिट १०० धरलं तर ठेकेदाराचा पहिला आकडा १५० होता. फ्लोअरिंग ६०, त्याचे ६०% म्हणजे ३६, त्याचं निम्मं १८. ओल्या भिंतीचे २० होते, प्लॅस्टर-बुरशीचं काम आहे म्हणून घसारा लावला नाही, निम्मे १०. हॉलच्या भिंतीचे २५, रंग ५ वर्षांचा धरून २ वर्षं उरली म्हणून १०. दार १५ होतं, नुसता पल्ला धरून १०. टाइल्सचे १५ होते, भोकं भरून घेतली ३ मध्ये, बाथरूमचे आधीचे फोटो नव्हते हेही लिहिलं पण त्यांनी भोकं लगेच मान्य केली. ओट्याचे १५ होते, मी ओटा बदलणारच नाहीये, म्हणून डागाचे ५ लावले. एकूण ५६.

मी त्यांना बोलावलं, ती दोघं आली. वाकून फ्लोअरिंग बघताना त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली आम्ही खाली पायपुसणं टाकून ठेवलं होतं, तुम्ही मशीनच काढून घ्याल या भीतीने परत विचारलं नाही. मी माझा मेसेज दाखवला आणि माफी मागितली. दाराचं त्यांनी स्वतःहून सांगितलं, मुलगा रागात लाथ मारून गेला होता. यादीवर दोघांनी सही केली, "अंतिम हिशोब, यापुढे देणं-घेणं नाही" ही ओळ शिक्का_मोर्तब यांच्या सांगण्यावरून घातली, आणि ४४ मी त्याच दिवशी परत पाठवले.

सरळसोट

ताई, म्हणजे १५० च्या खर्चातले ५६ च मिळाले, उरलेले तुमच्याच अंगावर?

उंबरठा

नाही, टाइल्स बदलल्या नाहीत, ओटा बदलला नाही, दार पूर्ण नाही, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च ११८ झाला. त्यातल्या ६२ मध्ये मला नवी फ्लोअरिंग आणि नवा रंग मिळाला जो पुढची कितीतरी वर्षं मीच वापरणार. आणि पाईपचा भाग माझाच होता, तो मी दुसऱ्याकडून घेऊ शकत नाही.

आडवाट

माझ्याकडून पण थोडं. मागणीपत्र पाठवलं, १० दिवस काही नाही, मग त्याच्या भावाचा फोन, तो जामीनदार होता. ५ हप्ते ठरले, पहिला आला. फ्लोअर घासून निघाला, २ पट्ट्या बदलल्या.

वेलांटी

उंबरठा ताई, तुम्ही नवीन भाडेकरूंना देणार असाल ती तपासणीची यादी इथे टाकाल का? मी पुढच्या महिन्यात नव्या घरात जातेय, मालकाने काही केलं नाही तर मीच भरून त्यांना पाठवीन.

उंबरठा

नक्की टाकते, उद्या. खोलीवार आहे, बाथरूमसकट. दर ६ महिन्यांनी आधी कळवून येईन आणि गळतीचा मेसेज आला तर २ दिवसांत प्लंबर पाठवीन, हेही करारात लिहिलंय. पाईप बदलला, त्यावर तारखेची चिठ्ठी बांधलीय.

रंधा

नव्या फ्लोअरिंगच्या कडेला भिंतीपासून ८ ते १० मिलिमीटर फट सोडायला सांगा, आणि उरलेल्या पट्ट्या फेकू नका, खोक्यावरच्या बॅच नंबरासकट माळ्यावर आडव्या ठेवा. पुढच्या वेळी ३ पट्ट्या बदलून भागेल.